मुरवलेलं जुनेर

लोणचं मुरवतात, मुरांबा मुरवतात, तशी साडीही मुरवावी लागते, हे मला कुणी शिकवलं नाही. खरं तर नाटकाची वेशभूषा हा शिकायचा विषय आहे, त्याचे वर्ग असतात, त्यात पोरी पास-नापास होतात, हेच मला कळलं तेव्हा माझे केस पिकले होते. आम्ही तेव्हा खडकीला, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. जयंतीला विहारापुढच्या मांडवात नाटक व्हायचं. मी नवी सून. "हिला मशीन चालवता येतं," एवढ्या ओळखीवर ते काम माझ्या गळ्यात पडलं. मग काय, सावकाराचा फेटा एकाच्या लग्नातला, मास्तरांचा कोट शेजारच्या हेडक्लार्कचा, तोही उन्हाळ्यात घालत नाही म्हणून मिळालेला. मागून आणायचं, टाके घालायचे, नाटक झालं की टाके उसवून, घडी घालून ज्याचं त्याला परत. परत देताना प्रत्येकाची बायको कोट उजेडात धरून बघायची. ती माझी परीक्षा.

आता आम्ही कर्वेनगरला असतो. मी दुसऱ्या मजल्यावर, माझे दीर आणि धाकटी जाऊ माझ्या डोक्यावर, म्हणजे तिसऱ्यावर. आमचे हे गेल्यापासून संध्याकाळचा चहा वरच होतो. आणि नाटक? ते काही सुटलं नाही. इथल्या हौशी मंडळींची एक संस्था आहे, तिचा कपडेपट माझ्याकडे असतो. कपडेपट म्हणजे नाटकातल्या सगळ्या कपड्यांचं खातं. नाव मोठं भारदस्त. प्रत्यक्षात माझ्या पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंका आणि कपाटाचा एक कप्पा, बस.

तर ही गोष्ट जावेची आहे. माझी म्हणाल तर तोंडी लावण्यापुरती.

जावेला नाटकाचं वेड माझ्याइतकंच, पण तिच्या वाट्याला कायम कडेची कामं. "पाहुणे आले" म्हणणारी बाई, बारशाच्या प्रसंगात मागे बसलेली बाई. शाळेतली नोकरी संपवून घरी बसली आणि यंदा, या वयात, तिला मुख्य भूमिका मिळाली. आमची दिग्दर्शिका कॉलेजात शिकणारी पोर. तिनंच नाटक लिहिलेलं. घरोघरी स्वयंपाक करणाऱ्या एका बाईचं. ही बाई नाटकभर "हो बाई, बरं बाई" यापलीकडे बोलत नाही. शेवटी मुलीला बघायला पाहुणे येणार असतात म्हणून तिला एक दुपार सुट्टी हवी असते. ती मागायला उभी राहते, पदर चाळवत राहते, पदराला भोक पडलेलं असतं त्यातून तिचं बोट बाहेर येतं, ती त्या बोटाकडे बघते, आणि तिथून पुढे तिचं मोठं बोलणं. आयुष्यभराचं साठलेलं.

तालमीत जाऊ नेमकी तिथेच अडायची. बाकी सगळं तोंडपाठ, पण ते बोलणं आलं की गाडी सायडिंगला. पोर बिचारी समजूत घालायची, "आजी, रिलॅक्स. टेक युवर टाइम." जाऊ म्हणायची, "अगं टाइम घेतेच आहे. शब्द येत नाहीत."

एकदा चहा पिताना तिनं मला सांगून टाकलं. दीर आत पेपर वाचत होते म्हणून आवाज खाली करून. "ताई, मला बक्षीस-बिक्षीस नको. यांनी एकदा यावं. एवढी वर्षं मी मांडवात, हॉलमध्ये, कुठे कुठे उभी राहिले, हे एकदाही आले नाहीत. टाळ्या वाजवू नका म्हणावं. नुसतं बसा."

"मग सांग की त्यांना."

"सांगितलं. म्हणाले, रोज घरी बघतो तेवढं पुरे आहे."

आमचे दीर वाईट नाहीत हो. कारखान्यात तपासणी खात्यात नोकरी झाली त्यांची. एखादी वस्तू हातात आली की आधी ती खिडकीशी नेऊन उजेडात धरायची आणि दोष शोधायचा, हा हाताला लागलेला गुण. जावेच्या माहेरहून आलेली आंब्याची पेटीसुद्धा त्यांनी तशीच तपासून घेतली होती. नाटकात सगळंच खोटं, मग तपासायचं काय, असं त्यांचं म्हणणं असावं.

साडीचं म्हणाल, तर मंडईच्या मागच्या एका दुकानातून मी सुती साडी आणली. जांभळी, बारीक काठाची. पण साडी नवी, आणि बाई नाटकात वर्षानुवर्षं चुलीपुढे उभी राहिलेली. साडी वापरून वापरून मऊ झाली, रंगानं उतरली की आपण तिला जुनेर म्हणतो. दुकानात जुनेर मिळत नाही. ते घरी करावं लागतं. काही जण साडी चहात बुडवतात. माझ्या मते त्यानं साडी जुनी होत नाही, चहात बुडवलेली दिसते. माझी पद्धत सरळ आहे. साडी मी स्वतः नेसते.

रोज सकाळी आंघोळ झाली की ती साडी. तीच नेसून भाकऱ्या, तीच नेसून फरशी, तीच नेसून गॅलरीत बसून मेथी निवडायची. हात पुसायचे ते पदराच्या एकाच जागी, कारण खरी बाई एकाच जागी पुसते. वाळत घालायची ती कायम एका बाजूनं, म्हणजे खांद्याची बाजू उन्हानं विटते आणि निऱ्यांच्या आतला रंग राहतो. कमरेशी खोचायची जागा चुरगळून पांढुरकी होते. एक महिना गेला आणि साडीला माझ्या घराचा वास यायला लागला. मग किसणी घेतली आणि पदराच्या टोकाशी हळूहळू घासून भोक पाडलं. कात्रीनं पाडलेलं भोक लांबून कळतं, त्याच्या कडा शहाण्या असतात.

माझा मुलगा फोनवर म्हणाला, "आई, शेजारी काय म्हणत असतील?" शेजारी काय म्हणतात ते मला लवकरच कळलं. आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर आयटीतल्या मुली भाड्यानं राहायला आल्यात. त्यातली एक लिफ्टमध्ये भेटली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि फार गोड आवाजात म्हणाली, "मावशी, ॲक्चुअली आमच्याकडे पण मॉर्निंगला कुणी हवंय. पोळ्या कराल का?"

मी म्हटलं, "करीन की. पण रविवारी यायची नाही, प्रयोग असतो."

ती "ओके, नो प्रॉब्लेम" म्हणाली. घरी येऊन मी एकटीच हसत बसले. वेशभूषेचं याहून मोठं बक्षीस मला कुणी दिलेलं नाही, आणि पोळ्यांचं काम मिळालं ते वेगळंच.

साडी जावेच्या हाती गेली आणि चमत्कार झाला. तालमीत ती सुट्टी मागायला उभी राहिली, पदर चाळवला, बोट भोकात गेलं, आणि शब्द घडाघडा बाहेर आले! पोरीनं उडी मारली. मलाही भरून आलं. जाऊ म्हणाली, "ताई, मी काही करत नाही. बोट आत गेलं की तोंड आपोआप उघडतं." त्या दिवसापासून ते भोक म्हणजे आमच्या नाटकाची किल्ली.

रंगीत तालीम झकास झाली. रंगीत तालीम म्हणजे कपडे-दिव्यांसकट शेवटची तालीम, आदल्या संध्याकाळची. उन्हाळ्याचे दिवस, घामानं साडी ओली झालेली, म्हणून जाऊ ती घरी घेऊन गेली आणि गॅलरीत दोरीवर टाकली. सकाळी उठून ती पोरीकडे शब्द घोटायला गेली. धास्ती होतीच ना. तिथून ती परस्पर नाट्यगृहात जाणार आणि साडी मी न्यायची, असं ठरलेलं.

दुपारी माझी बेल वाजली. दारात दीर. हातावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक चपटं पुडकं, देवळातला प्रसाद धरावा तसं धरलेलं.

"वहिनी, जरा बघा."

मी पुडकं उघडलं आणि मला मटकन बसावं लागलं. साडी! धुतलेली, निळीत घातलेली, खळ दिलेली, आणि कडक इस्त्री केलेली. घडी अशी की कागदालाही लाज वाटावी. हात पुसल्याचे डाग गेले, चुरगळलेली कंबर गेली, माझा महिनाभराचा घरचा वास गेला.

"सकाळी दोरीवर बघितली," दीर सांगायला लागले. "म्हटलं, ही साडी नेसून चारचौघांत उभी राहणार ही? नाटक असलं म्हणून काय झालं? लोक काय म्हणतील, नवरा हिला साडी घेत नाही? तुमच्या त्या पोरीला काही वाटत नसेल, पण तुम्ही तरी बघायचं होतं, वहिनी. चांगलं कापड आहे, नुसतं हयगयीनं वापरलंय."

हयगय करणारी समोर बसली होती.

"आणि हे बघा." त्यांनी पदर उलगडला आणि नेहमीप्रमाणे खिडकीशी नेऊन उजेडात धरला. "सापडतंय का?"

भोक नव्हतं. त्यांनी ते रफू केलं होतं. साडीच्या आत खोचायच्या टोकातून धागे ओढून घेतले होते, म्हणजे रंगात रंग मिसळावा. उभा धागा, आडवा धागा, वर-खाली, वर-खाली. लग्नाआधीपासून आपले मोजे आपणच रफू करणारा माणूस तो, हात चांगलाच बसलेला. उजेडात धरलं तर जागा जेमतेम कळत होती, बोटाला मात्र लागत होती. जरा जाडसर.

"छान झालंय," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. छान झालंच होतं, तेच तर दुखणं.

"मी येणार आहे संध्याकाळी," ते जाता जाता म्हणाले. "दिव्यात रफू दिसतो की नाही, ते लांबून बघायला हवं."

दार लावलं आणि मी तशीच उभी. म्हणजे बघा, ज्या गोष्टीसाठी जाऊ इतकी वर्षं झुरली ती होणार होती. दीर येणार होते. आणि येणार होते ते त्या रफूसाठी, ज्यानं तिचं बोलणं बंद पडणार होतं.

नाट्यगृह घराजवळच, लहानसं. मी पुडकं घेऊन मेकअपच्या खोलीत गेले. जाऊ आरशापुढे बसलेली, पोर तिच्या शेजारी. साडी उलगडली तशी पोरीचा चेहरा पडला.

"आजी, हे काय? ही तर शोरूममधून आल्यासारखी दिसतेय! कुणी केलं?"

"आमच्या भाऊजींनी."

"ओ गॉड." तिनं पदर चाचपला. "आणि होल कुठे गेलं? आजी, कात्री द्या. पटकन कट करू, मग ब्रिकनं घासू. अजून वेळ आहे."

कात्री माझ्या पिशवीत होती. मी काढली. रफूवर टोक टेकवलं. एक टाका तोडला असता तर बाकीचे आपोआप सुटले असते, इतके ते एकमेकांत बांधलेले होते. माझं काम काय? नाटकाला हवा तो कपडा देणं. नाटकाला भोक हवं होतं. पण हात काही दाबेना. मी जावेकडे बघितलं.

ती पदर हातात घेऊन बसली होती. बोट त्या जाडसर जागेवर फिरवत होती.

"यांनी केलं हे? स्वतः?"

"सकाळभर बसले असणार. आणि येतायत संध्याकाळी. हे कसं दिसतं ते बघायला."

जावेनं ती जागा अंगठ्यानं एकदा दाबून बघितली. मग म्हणाली, "ठेवा ती कात्री, ताई."

"अगं पण बोलणं?"

"बघू."

"आजी, बघू म्हणजे काय?" पोर रडकुंडीला आलेली. "अडलात तर?"

"अडले तर अडले," जाऊ म्हणाली. "माझा माणूस पहिल्यांदा येतोय. त्याचं काम उसवून मी त्याच्यापुढे उभी राहू?"

साडी नेसवायला मीच घेतली. खळीची साडी, निऱ्या पुठ्ठ्यासारख्या उभ्या. जाऊ उठली तर सळसळ आवाज. ती खुर्चीवर बसेना, इस्त्री मोडेल म्हणून. आरशात बघत उभी राहिली आणि एकदम म्हणाली, "ताई, ही बाई नव्या घरी काम मागायला चाललीय ना पहिल्या प्रवेशात? ती अशीच जाईल की. असेल ती एकच साडी, पण धुऊन, खळ करून. आपण नाही का जायचो?"

खडकीत आम्ही तसंच जायचो. शाळेत मुलाचं नाव घालायला जायचं तर आदल्या दिवशी खळ. मी पोरीकडे बघितलं. ती नखं खात होती, पण "नाही" म्हणाली नाही.

तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला. मी विंगेत उभी राहून प्रेक्षकांत शोधलं. दीर सापडले, पुढून चौथ्या-पाचव्या रांगेत कडेच्या खुर्चीवर, स्वच्छ पांढरा शर्ट घालून, चष्मा पुसत. तपासणीला बसलेले.

जाऊ आत आली ती सळसळतच. दारात थांबली, निऱ्या सारख्या केल्या आणि अंग चोरून उभी राहिली. साडी एवढी कडक की तिला मोकळं चालताच येईना, आणि तेच बरोबर वाटलं. लोक हसले, पण मायेनं हसले. पुढे तिनं जमिनीवर बसून कणीक मळली, पाणी सांडलं ते पदरानं टिपलं, कपाळ पुसलं. दिव्यांच्या उष्णतेनं खळ मऊ पडत गेली. मी जे महिनाभर घरात केलं ते ती सगळ्यांदेखत करत होती. कडक साडी तिच्या अंगावर हळूहळू जुनी होत होती.

आणि मग तो प्रवेश आला.

मालकीणबाई म्हणाली, "काय गं, उभी का अशी?" जावेचा हात पदराकडे गेला. बोटं टोकापर्यंत आली. भोक शोधलं. सवयीनंच. नव्हतं. पोरीनं माझं मनगट धरलं, तिची नखं आत रुतली. जाऊ गप्प. मी देवबीव मानत नाही, पण त्या वेळी कुणी नुसतं नाव सुचवलं असतं तर जपले असते. दीर पुढे वाकून बघत होते, रफूकडेच.

जावेचं बोट त्या जाडसर जागेवर थांबलं. तिनं पदर वर उचलला आणि उजेडात धरला. अगदी दिरांसारखा! तसाच हात लांब करून, तशीच मान वाकडी करून. आणि गालातल्या गालात हसली.

"बाई," ती म्हणाली, "मी तुमच्याकडे फाटकी येत नाही. रफू करून येते."

हे वाक्य नाटकात नव्हतं. पण त्याच्यामागून नाटकातलं बोलणं आलं, सगळं, एकही शब्द न गाळता, आणि तालमीत कधी आलं नव्हतं असं. आरडाओरडा नाही. घरात बोलतो तसं. मालकीणबाईंचं काम करणारीचे डोळे भरले, ते काही लिहिलेलं नव्हतं. पोर माझ्या कानात म्हणत होती, "आजी, हे कुठून आणलं त्यांनी?" मी म्हटलं, "गप्प बस आणि माझा हात सोड."

टाळ्या झाल्या. दिरांनी वाजवल्या की नाही ते मला दिसलं नाही, कारण माझाच चष्मा धुरकटला होता.

प्रयोग संपल्यावर ते आत आले. मेकअपच्या खोलीच्या दारात उभे. जाऊ तेलानं रंग पुसत होती, अंगावर तीच साडी, आता चांगली चोळामोळा झालेली.

"दिसला का हो रफू?" तिनं आरशातूनच विचारलं.

"नसता दिसला," दीर म्हणाले. "तूच वर धरून दाखवलास. सगळ्यांचं लक्ष गेलं."

"मग?"

त्यांनी पदराचं टोक उचलून रफू तपासला. "ते वाक्य पुस्तकात होतं?"

"नव्हतं."

"बरं होतं."

बाहेरच्या माणसाला कळायचं नाही, पण आमच्या घरात "बरं होतं" याच्या वर पायरी नाही. जावेनं पुसायचा बोळा तोंडावर तसाच धरून ठेवला बराच वेळ. रंग केव्हाच निघाला होता.

पोरीनं ते वाक्य नाटकात लिहून टाकलं. तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाला साडी कडक येते आणि चुरगळून परत जाते, आणि मध्ये दीर ती धुतात, खळ करतात, इस्त्री करतात. मला हात लावू देत नाहीत. इतकंच नाही, पुढच्या नाटकात एक गॅरेजवाला आहे, त्याचा शर्ट मळवायचा होता, तर स्वतःच म्हणाले, "वहिनी, तुम्ही कशाला घालता पुरुषाचा शर्ट? द्या मला. फक्त मळ कसा हवा ते सांगा. तेलाचा की मातीचा?"

मी म्हटलं, दोन्ही. शर्ट घालून बसले गॅलरीत. आठवडा झाला, कुठे एक डाग नाही! जेवताना मांडीवर रुमाल, धूळ बसली की झटकतात, आणि जाऊ लोणचं वाढायला गेली तर ताट बाजूला घेतात. परवा चहाला वर गेले तर शर्ट मी दिला होता त्याहून नवा दिसत होता.

जाऊ कपात चहा ओतत म्हणाली, "ताई, तुम्ही हा शर्ट परत न्या कशा. यांच्याजवळ दिलेलं काही जुनं व्हायचं नाही."

दिरांनी पेपरातून मान वर केली नाही, चष्म्यावरून फक्त जावेकडे बघितलं.

"अपवाद असतात," ते म्हणाले.

जाऊ इतकी हसली की चहा सांडला, थेट त्या शर्टावर. चांगला मोठा डाग पडला, खिशाच्या खाली, हवा होता तिथेच. दीर रिठे आणायला उठले, आणि आम्ही दोघींनी मिळून त्यांना खाली बसवलं.